मासे जगले पाहिजेत

आमच्या कपडे रंगवायच्या कारखान्याचं सांडपाणी स्वच्छ आहे की नाही, हे मासे ठरवतात. कागदावरचे आकडे कितीही गोंडस असोत, त्या पाण्यात सोडलेले मासे चार दिवस जगले तरच पाणी नदीत सोडायचा परवाना पुढे चालू. मेले तर कारखान्याला कुलूप. नियम चांगला आहे, माझी तक्रार नाही. फक्त सांडपाणी शुद्ध करायचं काम माझ्याकडे, नवरा रंगाच्या हौदांवर आणि राहायची खोलीही कारखान्याचीच. कुलूप लागलं असतं तर आम्ही दोघं एकदमच रस्त्यावर.

सोमवारी कॅनमध्ये भरून पाण्याचा नमुना पाठवला आणि दुपारच्या आत प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला.

"ताई, मासे गेले."

"सगळे?"

"सगळे. साध्या पाण्यातले मस्त पोहतायत. तुमच्या पाण्याला क्लोरीनचा वास मारतोय."

नमुना पुन्हा द्यायची एकच संधी होती. कापड पांढरं करायला आम्ही क्लोरीन वापरतो हे खरं, पण ते पूर्ण मारल्याशिवाय मी एक थेंब पुढे जाऊ देत नाही. धावत जाऊन शेवटच्या पाइपाखाली तपासायची पट्टी धरली. पट्टीला रंगच चढेना. दुसरी धरली, तीही कोरी; इथे क्लोरीन नव्हतंच.

म्हणजे क्लोरीन वाटेत कुठेतरी शिरलं होतं. आणि वाटेत होता फक्त कॅन, तो आमच्या पंपवाल्या टापटीपमामांच्या ताब्यात. मामांना घाणीचं इतकं वावडं की ते पंपालासुद्धा आंघोळ घालतात.

"मामा, कॅन कशानं धुतलात?"

"ब्लीचिंग पावडरनं!" मामांची छाती फुगली. "रात्रभर भिजत घातला होता. मागच्या खेपेला त्या बाई म्हणाल्या ना, कॅन मळका आहे म्हणून? म्हटलं, आपली लाज जायला नको."

"लाज राहिली मामा, मासे गेले!"

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. माझ्या ओठांवर आलेलं बरंच काही मी गिळलं. त्यांनी आमच्या सगळ्यांसाठीच तो कॅन घासला होता.

बाईंना सगळं खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःचा कॅन घेऊन आल्या आणि पाणी स्वतः भरून नेलं. मामा लांब उभे होते, हात पाठीमागे बांधून.

मग वाट बघणं. मी रात्र रात्र जागी. नवरा मात्र निवांत. "जगतील गं, तुझं पाणी आहे ते," म्हणायचा आणि कूस बदलून झोपायचा. मला असा संताप यायचा!

शनिवारी फोन आला. "ताई, एकही मेला नाही. काचेवर तोंड आपटतायत, भूक लागलीय त्यांना."

मी पंपघरातच भोकाड पसरलं. मामांना वाटलं, संपलं सगळं. "जगले हो मामा, जगले!" म्हटल्यावर तेही माझ्याबरोबर रडायला लागले.

तशीच पळत हौदांवर गेले. नवऱ्यानं ऐकलं, हात पुसले आणि खिशातून फोन काढला.

"दादाला फोन करतो."

"भावजींना? आत्ता कशाला?"

"सोमवारीच त्याला म्हटलं होतं, आमच्यासाठी एक खोली रिकामी करून ठेव. आता नको म्हणून सांगतो."

त्यानं दोनदा भलताच नंबर लावला. शेवटी मीच लावून दिला.