दोन टोप्यांचं बोलणं

थोरा ड्रीव्हरने एडक्याची शिंगं दोन्ही हातांनी धरली आणि त्याला धावपट्टीवरून मागे रेटायला सुरुवात केली. एडक्याला कसलीच घाई नव्हती. विमानाला होती, ते समुद्रावरून वळून नाक खाली करू लागलं होतं. थोराच्या छातीवरच्या वायरलेसमधून भावाचा आवाज खरखरला.

"अटेंडंट, तो एडका प्रवासी आहे का? ओव्हर."

"नाही, चीफ."

"मग त्याला बाहेर काढा. आणि अटेंडंटनं गुडघ्याला पट्टा बांधावा. लंगडणारा माणूस धावपट्टीवर धोक्याचा असतो. ही सुरक्षेची बाब आहे. ओव्हर."

"होय, चीफ."

एडका तारेपलीकडे गेला आणि विमान उतरलं. पट्टीच्या टोकाला आगीच्या बंबावर तिचा भाऊ मॅन्सी ड्रीव्हर हेल्मेट घालून देवळातल्या मूर्तीसारखा बसला होता. थोरापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आणि हट्टात तिच्याइतकाच.

ग्रुन्से बेटावर माणसांपेक्षा नोकऱ्या जास्त आहेत. कौन्सिलला पोस्टमन हवा, पाणीवाला हवा, शाळेत आचारी हवा, रस्त्यावर मीठ टाकणारा हवा. माणसं मात्र मूठभर. त्यामुळे जो तो अर्ध्या-अर्ध्या नोकऱ्या करतो आणि प्रत्येक नोकरीची टोपी वेगळी ठेवतो. डेव्हो म्यूरचंच घ्या. पाण्याला वास येतो म्हणून कुणी तक्रार लिहिली, की पोस्टमन डेव्हो ती पेटीतून काढतो, पाणीवाला डेव्हो ती फोडतो, आणि 'चौकशी चालू आहे' असं उत्तर चौथ्या दिवशी पोस्टमन डेव्हो घरपोच आणून देतो. त्याला विचारावं, "काय रे डेव्हो, काय झालं चौकशीचं?" तर तो टोपीला हात लावून म्हणतो, "मी पोस्टमन आहे बाई, मला लोकांच्या पत्रांतलं काय ठाऊक?" यात लबाडी नाही. इथे कुणी कुणाला टोपी घालत नाही. ज्याची त्याने घातलेली असते.

धावपट्टीवर, बंबाच्या नोकरीत, मॅन्सी साहेब आणि थोरा त्याच्या हाताखाली. बोटीच्या धक्क्यावर थोरा मास्तर आणि मॅन्सी तिच्या हाताखाली दोर झेलणारा. टोप्या उतरवल्या की दोघं एकमेकांशी बोलत नसत. बाप गेला त्या वर्षापासून.

बापामागे एकच होडी राहिली होती. ती कुणी घ्यायची यावरून भांडण झालं आणि शेवटी दोघांनी करवत आणून होडी मधोमध कापली. करवतीच्या एका टोकाला तो, दुसऱ्याला ती. रागाने ओढल्यामुळे काप तिरका गेला. दोघांनीही आपापला अर्धा उलटा घालून छप्पर केलं. मागचा अर्धा मॅन्सीच्या कोंबड्यांवर आला, आणि नाकाकडचा थोराच्या मागच्या खोलीवर. त्या खोलीत ती झोपत असे. जानेवारीच्या वादळाने तो अर्धा उचलला. बघणारे शपथेवर सांगतात, की होडी समुद्रावरून नाकासमोर सरळ नॉर्वेच्या दिशेने गेली. म्हातारा आत बसून वल्हवत असल्यासारखी. तेव्हापासून थोरा स्वयंपाकघरात बाकावर झोपत होती, आणि मागच्या खोलीवर ताडपत्री रात्रभर टाळ्या वाजवत होती.

विमानातून पेन्शनवाली मुलगी उतरली. आयोना लीस्क तिचं नाव. वर्षातून एकदा ती बेटावर यायची, शाळेच्या जेवणघरात छोट्या पोरांच्या बाकावर बसायची आणि एकेकाला समजावून सांगायची. आधी मॅन्सी आत गेला. तो बाहेर आला तेव्हा थोराने खिडकीबाहेर बघितलं आणि त्याने बुटांकडे.

"तुमची दोन खाती आहेत, थोराबाई," आयोना म्हणाली. "बंबाच्या पगारातून कापलेले पैसे एकात, धक्क्याच्या पगारातले दुसऱ्यात. दोन्हीकडे कौन्सिल आपली भर घालतं. पण या खात्याला त्या खात्याचा पत्ता नसतो."

"एकाच घरातली दिसतात," थोरा म्हणाली.

आयोना हसली. "झोपता कुठे तुम्ही? आचारीणबाई काहीतरी म्हणत होत्या."

"आचारीण बोलतेच. तिचं सूप त्यामुळेच करपतं."

"ऐका माझं. दोन्हींतली एक नोकरी सोडा. सोडलेल्या नोकरीचं खातं दुसऱ्यात मिसळायचं नाही, वेगळंच ठेवायचं. तुमची साठी उलटलीय, त्यामुळे ते पेन्शन आत्ताच सुरू करता येईल. लवकर घेतलं म्हणून थोडं कमी मिळेल, पण त्यातली काही रक्कम एकदम हातात पडेल. छप्पर होऊन जाईल. दुसरी नोकरी आहे तशी चालू, तिथली भरही चालू."

थोराने बशीतली बार्लीची भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. खरी स्लेटची कौलं, खाली फळ्या, पाठ टेकायला कोरडी गादी. तिने गुडघ्यावरून हात फिरवला.

"कुठली सोडू?"

"गुडघा दुखतोय ना? बंबाची सोडा. किंवा धक्क्याची, पहाटेची थंडी तरी वाचेल. हिशेबात फारसा फरक नाही."

"हिशेबात नाही," थोरा म्हणाली. "उद्या विमान सुटायच्या आत सांगते."

संध्याकाळी बोट लागली. थोरा मास्तरची निळी टोपी घालून धक्क्यावर उभी होती. बोटीवरून दोर सुटला, मॅन्सीने तो झेलला आणि खुंट्याला वेढा घातला.

"दोर झेलणाऱ्यानं हातमोजे घालावेत," ती म्हणाली.

"होय, मास्तर."

"गुडघ्याच्या पट्ट्याची काळजी करू नये. तो बांधला आहे."

"होय, मास्तर."

"आणि खोकला पंधरा दिवस टिकला तर नर्सला दाखवावा. खोकणाऱ्याच्या हातून दोर निसटतो. ही धक्क्याच्या सुरक्षेची बाब आहे."

"सात दिवसच झालेत, मास्तर."

"कुणी विचारलं?"

मॅन्सीने दुसरा वेढा घातला. मान खाली होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

थोरा घरी चालत आली. चालताना ती दोन्ही नोकऱ्या आलटून पालटून सोडून बघत होती. बंब सोडला तर सकाळी तिला कुणी काही विचारणार नाही. धक्का सोडला तर सकाळी विचारलेल्याला संध्याकाळी उत्तर देता येणार नाही. 'होय, चीफ' एवढंच उरेल. ओढणारे दोन होते आणि करवतीला मुठीही दोनच होत्या. एक सुटली की करवत चालत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या रात्री ताडपत्रीने जरा जास्तच टाळ्या वाजवल्या.

सकाळी विमानाच्या पंखाखाली आयोनाने केस आवरत विचारलं, "काय ठरलं?"

"दोन्ही चालू राहू देत."

"अहो, पण छप्पर?"

"ताडपत्री नवी आहे."

"कमाल आहे तुमच्या बेटाची. काल त्या गृहस्थांनाही मी हेच समजावत होते. तेसुद्धा म्हणाले, एकीनं भागत नाही. मला वाटलं, पैशांचं बोलतायत." आयोनाने एकदम ओठ चावला. "हे मी बोलायला नको होतं."

"वाऱ्यात काही ऐकू आलं नाही," थोरा म्हणाली, आणि तिची बॅग उचलून आत ठेवली.

विमान उडालं. बंबावर हेल्मेट हललं नाही. वायरलेस नुसताच खरखरत राहिला, जणू कुणी बटण दाबून धरलंय आणि शब्द शोधतंय. मग तोही बंद झाला.

पुढल्या आठवड्यात एका सकाळी, विमान यायच्या आधी, आवाज आला.

"अटेंडंट, पट्टीच्या पूर्वेच्या कडेला अडथळा पडलाय. ओव्हर."

"कसला, चीफ?"

"लाकडी. अटेंडंटनं तो स्वतःच्या घरी न्यावा. ट्रॅक्टर गेटपाशी आहे, किल्ली त्यातच आहे. ओव्हर."

थोरा पट्टा बांधलेला गुडघा ओढत पूर्वेच्या कडेला गेली. गवतावर बापाच्या होडीचा मागचा अर्धा पालथा पडला होता. कोंबड्यांची घाण घासून काढलेली होती, फटी बुजवून वर ताजं डांबर फासलेलं होतं. कापलेली कड तेवढी तशीच होती, तिरकी. तिने त्या कडेवरून अंगठा फिरवला. डांबर अजून चिकटत होतं.

"अटेंडंट, कळलं का? ओव्हर."

तिने बटण दाबलं. "कोंबड्या कुठे गेल्या, चीफ?"

लांबवर बंबावरचं हेल्मेट दुसरीकडे वळलं.

"स्वयंपाकघरात. ओव्हर."

संध्याकाळची बोट लागली, माणसं उतरली, बोट गेली. मॅन्सी दोर गुंडाळत होता. थोरा मास्तरच्या टोपीत त्याच्यापाशी येऊन उभी राहिली.

"छपराचं माप घ्यावं लागेल," ती म्हणाली. "दोर झेलणाऱ्यानं घरी यावं. हातोडी घेऊन यावं. ही कामाची बाब आहे."

"कुठल्या कामाची, मास्तर?"

बंबाचं म्हणावं तर इथे साहेब तो नव्हता, आणि धक्क्याचं म्हणावं तर तिचं घर धक्क्यापासून अर्ध्या मैलावर. थोराने निळी टोपी काढली, घडी केली आणि खिशात घातली. वाऱ्याने पांढरे केस डोळ्यांवर आणले.

मग मॅन्सीनेही आपली लोकरी टोपी काढली, दफनाच्या वेळी काढतात तशी, आणि छातीशी धरली.

बोडक्या डोक्यांनी दोघं समोरासमोर उभी राहिली, आणि काय बोलायचं असतं ते कुणालाच आठवेना. बोट नजरेआड झाली. एक समुद्रपक्षी खुंट्यावर येऊन बसला आणि कंटाळून उडून गेला.

शेवटी मॅन्सी खाकरला.

"पाऊस येणारसं दिसतंय."

"हो," थोरा म्हणाली. "ढग भरलेत."

आणि दोघंही, दोन पावलांचं अंतर राखून, तिच्या घराच्या वाटेला लागली.