चांदावर सोडलेला रोजा

भरदुपारी जातं ओढायला बसणारी बाई एक तर येडी असती, नाहीतर तिच्या पोटात काहीतरी कट शिजत असतो. सरूबाईच्या पोटात त्या दिवशी कटाशिवाय दुसरं काही नव्हतंच. संकष्टी होती, आणि सकाळपासून ती नुसत्या पाण्यावर होती.

औरंगपुऱ्यामागच्या बोळात दोन घरं, मधे भिंत, भिंतीला एक बुटकं दार. अलीकडं सरूबाई, पलीकडं राहतबी आणि तिची लेक हसीना. जातं मात्र एकच, सरूबाईच्या पडवीत. रोज पहाटे हसीना वाकून त्या दारातून यायची, खुंट्याला दुसरा हात लावायची, आणि दोन्ही घरच्या भाकरीचं पीठ एकाच पाळूखालून पडायचं. पोलीस ॲक्शनला आता आठ वर्षं होत आली होती. त्या धामधुमीत राहतबीचं बिऱ्हाड चार महिने चितेगावला, सरूबाईच्या माहेरी राहिलं होतं. तेवढ्यात इकडं हसीनाला दीन शिकवणारे मौलवीसाहेब हैदराबादला निघून गेले, आणि हसीनाचे धडे तुटले ते तुटलेच.

ते तुटलेले धडे आज आडवे येणार होते. कारण आज हुरमतबी हसीनाला बघायला येणार होती.

हुरमतबीचा लेक शफी हिमरू कापडाच्या मागावर बसायचा. हसीनानं त्याला एकदाच पाहिलं होतं, खुलताबादच्या उरुसात, पाळण्याच्या रांगेत. तेवढ्यावर ती वर्षभर गालात हसत होती. पण हुरमतबी बाई कडक. पोरीचं शिवण बघायची नाही, भाकरी बघायची नाही. समोर बसवायची आणि दीनाच्या, म्हणजे धर्माच्या, मूळ गोष्टी विचारायची. दोन पोरी तिनं तशाच परत पाठवल्या होत्या.

हसीना नमाज पढायची, रोजे धरायची, सगळं करायची. फक्त कुणी "सांग" म्हटलं की तिच्या जिभेला कुलूप लागायचं. तिला पाठ व्हायच्या त्या फक्त ओव्या. मग महिनाभर आधीच ठरलं. राहतबीनं सांगायचं, सरूबाईनं ओवी बांधायची, हसीनानं दळता दळता गळ्यात उतरवून घ्यायची.

पहिल्याच पहाटे सरूबाईनं विचारलं होतं, "राहतबी, तुमच्या देवाच्या घरच्यांची नावं सांगा. ओवीत घालावं लागतं, आई कोण, बाप कोण."

"घरचे नाहीत. तो एकच. ना कुणाचा बाप, ना कुणाचा लेक. त्याची मूरतबी नाही."

"मग लई सोपं झालं की," सरूबाई म्हणाली. "आमच्याकडं नावं गाता गाता पायलीभर ज्वारी संपती."

आणि तिनं खुंटा ओढला:

*पहिली माझी ओवी, एका धन्याला वाहिली*
*ज्याला न्हाई आई-बाप, ज्याची मूरत न पाहिली*

दुसरी ओवी नुराच्या, म्हणजे उजेडाच्या, फिरिश्त्यांची झाली, नबींकडं देवाचा निरोप घेऊन येणाऱ्या जिब्राईलची. तिसरीला सरूबाई अडखळली.

"चार किताबं? एक पुरलं नाय व्हय?"

"माणसं विसरत गेली, बाई. म्हणून पुन्हा पुन्हा पाठवली."

"म्हंजी आपल्या हसीनासारखीच म्हणा की माणसं."

हसीनानं मूठभर ज्वारी तिच्या अंगावर फेकली. पण ओवी बसली:

*तिसरी माझी ओवी, किताबं आली चार*
*तौरात मूसाला, दाऊदाला जबूर*
*ईसाला इंजील दिली, मग कुराण थोर*
*मुहंमद नबीवर उतरलं खरोखर*

महिन्याभरात सगळं तयार झालं. अडचण एकच राहिली. जातं फिरत असलं की हसीनाला सगळं आठवायचं आणि थांबलं की सगळं जायचं. म्हणून आज राहतबीनं बेत केला होता. पलीकडं हुरमतबी विचारील, अलीकडं सरूबाई जातं फिरवील, आणि त्या घरघरीवर हसीना उत्तरं देईल.

"पण सरूबाई, तोंड बंद," राहतबीनं दोनदा बजावलं होतं. "नुसतं जातं."

"व्हय बाई. मी काय बोलती मधे?"

आता भिंतीपलीकडून हुरमतबीचा आवाज आला. "क्या गे राहतबी, दुपारचं कोण दळतंय?"

"शेजारीण आहे आपा. तिच्याकडं पाव्हणे येणार."

"हौ? लई पाव्हणे दिसतात. मघाधरनं ऐकती मी."

सरूबाईनं पदर तोंडात धरला आणि हात चालू ठेवला. अल्ला कसा, हुरमतबीनं विचारलं. हसीना बरोबर बोलली. फिरिश्ते झाले, किताबं झाली. दीनाचे खांब किती, हा सवाल आला आणि जातं फिरत असूनही हसीना अडली. सरूबाई थांबली नाही. तिच्या डोळ्यांपुढं पाळण्याच्या रांगेत हसणारी हसीना आली. पदर तोंडातून कधी सुटला ते तिलाच कळलं नाही.

*चौथी माझी ओवी, दीनाचे खांब पाच*
*कलमा पहिला खांब, नमाज दिसामाजी पाच*
*जकात गरिबाला, रमजानी रोजा साच*
*ऐपत ज्याची त्यानं हजला जावं एकदाच*

पलीकडून हसीनाचा आवाज पोपटासारखा मागोमाग आला. कलमा, नमाज, जकात, रोजा, हज.

"बरोबर," हुरमतबी सावकाश म्हणाली. "आणि रोजा कसा धरतात, कसा सोडतात?"

हसीना दहाव्या वर्षापासून रोजे धरत होती. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. पण जीभ आता जात्याच्या मागं चालली होती, आणि जातं उपाशी सरूबाईच्या हातात होतं. सरूबाईच्या डोळ्यांपुढं सकाळपासून एकच गोष्ट होती.

*पाचवी माझी ओवी, रोजा पहाटं धरला*
*चांद उगवला गं, मग घासानं सोडला*

"पहाटे धरायचा," हसीना म्हणाली, "आणि चांद उगवला की सोडायचा."

सरूबाईचा हात खुंट्यावरच थिजला.

मग बुटकं दार करकरलं. आधी चष्मा आत आला, मग हुरमतबी. उंच बाई, दारातून यायला तिला चांगलंच वाकावं लागलं. तिनं जातं बघितलं. जात्याभोवतीचा पिठाचा ढीग बघितला. सरूबाईचं सुकलेलं तोंड बघितलं.

"आज चतुर्थी का बाई तुमची?"

"व्हय," सरूबाई जमिनीकडं बघत म्हणाली.

"तरीच. रोजा हिचा आन् भूक तुमची."

मागं हसीना उभी होती, रडायच्या बेतात. राहतबी काही बोलणार, तेवढ्यात हसीनाच पुढं झाली. "आपा, चूक माझी. मला जात्याशिवाय सांगता येत नाही. पण येतं मला. बघा." ती सरूबाईसमोर मांडी घालून बसली आणि तिनं खुंट्याला हात लावला. "मौशी, ओढ. तू गाऊ नको."

सरूबाईनं ओठ असे मिटले की गालाला खळी पडली. जातं फिरलं. हसीनानं पहिलीपासून सगळ्या ओव्या म्हटल्या, आणि पाचवीही जराही न चाचरता:

*पाचवी माझी ओवी, रोजा पहाटं धरला*
*दिस मावळला गं, मग खजुरानं सोडला*

ती थांबली नाही. सरूबाईनं बांधलेली शेवटचीही तिनं म्हटली:

*सहावी माझी ओवी, कयामतीचा दिस गं*
*जसं ज्यानं दळलं, तसं पीठ मिळंल त्यास गं*

हुरमतबीनं चष्मा काढून पदरानं पुसला. बराच वेळ पुसला.

"ही शेवटची कुणी शिकवली?"

"कुणी नाय," सरूबाई म्हणाली. "राहतबीनं सांगितलं, त्या दिवशी सगळ्यांच्या करणीचा न्याय हुतो. मला दळणाबिगर दुसरं काय येतंय, मंग तसंच बांधलं."

"माझी दादी चक्कीवरच शिकवायची मला," हुरमतबी म्हणाली. "तिचं जातं अजून आहे घरात. तीस वर्षं एका हातानं ओढती मी. शफीला बहीणबी नाही एखादी." मग ती राहतबीकडं वळली. "जुम्म्याला या आमच्याकडं. तारीख काढू."

राहतबीनं भिंतीला टेकून श्वास सोडला. हसीनानं तोंड गुडघ्यांत लपवलं.

सरूबाईला हसू आलं, आणि मग ध्यानात आलं. म्हणजे तिच्या जात्यावरचा दुसरा हात चालला होता. आपणच ओवी बांधून बांधून घालवला होता.

"आपा, सोमवारी-गुरुवारी तरी धाडत जा पोरीला," ती म्हणाली. "माझ्या जात्याला दोन हातांची सवय हाय."

"मी बी येईन तिच्यासंगं," हुरमतबी म्हणाली. "तुमच्या ओव्यांवर नजर ठेवायला कुणीतरी पाहिजे. नाहीतर पुढल्या रमजानात अख्खा मोहल्ला चांदाची वाट बघत बसंल."

ती पुन्हा वाकून दारातून गेली, आणि जाता जाता म्हणाली, "आणि ते पीठ वाया घालवू नका, बाई. पाव्हणे येणार होते ना तुमच्याकडं?"

चांद उगवायला अजून पाच तास होते. सरूबाईनं सूप ओढलं आणि पीठ भरायला घेतलं.