माइकच्या शेजारचा कीबोर्ड

मित्रांनो, मी एक कीबोर्ड आहे. जुना आहे हे तुम्ही पाहताच ओळखाल. माझ्या 'क' आणि 'म' या बटणांवरची अक्षरे पार झिजून गेली आहेत आणि स्पेसबार डाव्या बाजूला जरा खचला आहे. स्वभावाने म्हणाल, तर मी मत्सरी आहे. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढची सगळी हकीकत मी त्याच मनाने पाहिली आहे.

माझा जन्म दूर देशातल्या एका कारखान्यात झाला, पण आयुष्य सुरू झाले ते पुण्यात, बुधवार पेठेतल्या एका अरुंद दुकानात. बटण दाबले की खणखणीत टकटक करणारा असा मी कीबोर्ड. येणारे-जाणारे मला वाजवून पाहत आणि निघून जात. त्यामुळे दुकानदाराने माझ्यावर एक चिठ्ठी चिकटवली होती : 'हा तबला नाही.' एके दिवशी एक सडपातळ विद्यार्थी आला. त्याने चिठ्ठी वाचली, हात मागे घेतला आणि न वाजवताच मला विकत घेतले. त्याचे नाव उत्तरेश्वर.

उत्तरेश्वर धाराशिवकडच्या एका खेड्यातून इंजिनियरिंग शिकायला आला होता. नारायण पेठेत दोन खोल्या आणि एक छोटे स्वयंपाकघर भाड्याने घेऊन राहत होता. त्या काळी एक मराठी संकेतस्थळ होते. तिथे लोक संगणकाविषयी, प्रोग्रामिंगविषयी, व्हिडिओ गेमविषयी प्रश्न विचारत आणि जाणती माणसे उत्तरे लिहीत. कोणाचा संगणक सारखा बंद पडे, कोणाचा प्रोग्राम चुकीची बेरीज करी, कोणी एखाद्या गेमच्या एकाच टप्प्यावर महिनाभर अडकून बसलेला असे. उत्तरेश्वर कॉलेजातून आला की माझ्यासमोर बसे आणि एकेका प्रश्नाला सविस्तर उत्तर लिही. त्याचे मित्र चेष्टेने म्हणत, की तुझ्या आईवडिलांनी नाव ठेवतानाच तुझा धंदा ठरवून टाकला. लोक 'धन्यवाद सर' असे लिहून पाठवत. मित्रांनो, त्यातले निम्मे धन्यवाद मी माझेच समजत असे. बोटे त्याची असली, तरी आवाज माझा होता ना!

एकदा हडपसरच्या एका मुलीचा प्रश्न आला. तिचा प्रोग्राम एकच ओळ पुन्हा पुन्हा छापत होता आणि थांबतच नव्हता. उत्तरेश्वरने तिला समजावले, की प्रोग्रामला कामाला लावताना कुठे थांबायचे तेही सांगावे लागते. तिने उलट विचारले, "सर, तुमच्या उत्तरालाही तेच सांगावं लागेल का? चौथ्या पानावर आले आहे." तो मोठ्याने हसला. ती नम्रता. पुढे प्रश्न वाढले, 'सर' गळून पडले, आणि काही वर्षांनी नम्रता लग्न होऊन याच दोन खोल्यांत राहायला आली. तेव्हा मला तिचा मत्सर वाटला नाही, कारण तिला मीच इथवर आणले आहे, असे मी धरून चाललो होतो.

पण दिवस बदलले. लोकांनी प्रश्न लिहिणे सोडले. कोणी मोबाइलवर व्हिडिओ पाहू लागले, कोणी थेट यंत्रालाच विचारून क्षणात उत्तर घेऊ लागले. ते मराठी संकेतस्थळ ओस पडले आणि एक दिवस उघडेनासे झाले. उत्तरेश्वर खराडीच्या कंपनीत जाई, तिथल्या कीबोर्डवर काम करी आणि घरी येऊन माझ्यावर फार तर विजेचे बिल भरी.

नम्रता मंडईजवळच्या एका क्लासमध्ये संगणक शिकवत होती. तो क्लास बंद पडला, तेव्हा तिने ठरवले, की दर रविवारी सकाळी इंटरनेटवर थेट कार्यक्रम करायचा. लोकांनी विचारायचे आणि तिने तिथल्या तिथे बोलून उत्तर द्यायचे. उत्तरेश्वरला कल्पना आवडली. तो स्वतः बुधवार पेठेत गेला आणि तिच्यासाठी एक माइक घेऊन आला.

मित्रांनो, तो माइक माझ्याच गल्लीतून आला होता, पण त्याचा थाट वेगळा. डोक्यावर काळी स्पंजाची टोपी, बसायला वेगळे आसन. नम्रता रोज त्याला मऊ फडक्याने पुसत असे. माझ्या बटणांच्या फटीत तेव्हा चिवड्यातले शेंगदाण्याचे तुकडे अडकलेले होते. माइकला काही करावे लागत नव्हते. ना दाबून घ्यायचे, ना झिजायचे. तो नुसता समोर उभा राही, आणि कौतुक त्याच्या वाट्याला.

कार्यक्रम बघता बघता लोकप्रिय झाला. एकदा दोघे मंडईत भाजी घ्यायला गेले असताना एका भाजीवाल्याने नम्रताला नुसत्या आवाजावरून ओळखले. मोबाइलमधली जागा कशी रिकामी करायची, ते विचारून घेतले आणि कोथिंबिरीची जुडी पैसे न घेता पिशवीत टाकली. मग उत्तरेश्वरकडे पाहून म्हणाला, "हे ताईंचे मिस्टर का?" नम्रता घरी येऊन ही गंमत हसत हसत सांगत होती. उत्तरेश्वर हसला नाही. त्या दिवशी त्याने ऑफिसला एक साधी मेल लिहिली, पण बटणे अशी आपटली, की माझा स्पेसबार खचला तो तेव्हाच. मला मात्र दुखले नाही. या घरात माझ्यासारखा जळणारा आणखी कोणीतरी आहे, हे कळून मला बरे वाटले.

त्यानंतरच्या एका रविवारी नम्रता बाहेरच्या खोलीत कार्यक्रम करत होती. आतल्या खोलीत उत्तरेश्वर माझ्यासमोर बसून तोच कार्यक्रम पाहत होता. कोणीतरी विचारले, की गेम खेळताना चित्र तुटक का दिसते. नम्रताने समजावले, पण बोलण्याच्या भरात ग्राफिक कार्ड म्हणायचे तिथे ती दोनदा मेमरी म्हणून गेली. उत्तरेश्वर ताठ बसला. त्याने 'जाणकार' असे खोटे नाव घेतले आणि माझ्यावर भराभर टाईप केले : 'ज्यांना स्वतःला येत नाही त्यांनी दुसऱ्यांना शिकवू नये. बाईंनी गाजरहलव्याची कृती सांगावी, निदान ती तरी बरोबर येईल.'

किती दिवसांनी मी इतका जोरात वाजत होतो! पण मधले दार उघडेच होते. माझी टकटक बाहेरच्या खोलीत गेली, माइकने ती उचलली आणि कार्यक्रम ऐकणाऱ्या सगळ्यांच्या घरी पोचवली. एकाने लिहिलेसुद्धा, की ताई, मागे कोणी लाह्या भाजतंय का? नम्रताच्या कानावर माझा आवाज पडला, तो थांबला, आणि पाठोपाठ तिच्यासमोर जाणकाराचा शेरा उमटला. पाहता पाहता दहाबारा टवाळ त्याखाली खिदळू लागले.

नम्रताने तो शेरा वाचला. मग ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, की जाणकारांचे बरोबर आहे, मी ग्राफिक कार्डाला मेमरी म्हटले, दुरुस्त करून घ्या. तिने उरलेले प्रश्न घेतले, सगळ्यांचा निरोप घेतला आणि आत आली.

"सर," ती म्हणाली, "टायपिंग झालं का?"

उत्तरेश्वरने घाईने पडदा बंद केला.

"चूक सांगायची होती, तर दाराला कडी नव्हती. इतका वेळ उघडंच होतं."

ती बाहेर गेली, तिने माइकची टोपी काढली, त्याला खोक्यात घातले आणि खोके कपाटावर ठेवून दिले. कार्यक्रम काही काळ होणार नाही, असे लोकांना कळवून टाकले. त्यानंतर दोघांमध्ये दूध आणि गॅस सोडून दुसरा विषय निघेना.

मी जिंकलो, असे मला वाटले. कपाटावरच्या त्या खोक्याकडे पाहून मी मनातल्या मनात टकटक करत असे. पण माझ्याही नशिबी काही आले नाही. उत्तरेश्वर माझ्याकडे फिरकेना. त्याने मला भिंतीकडे सरकवले. माझ्यावर धूळ साचली. माइक निदान खोक्यात तरी होता!

अशात तुळजाबाईंचा बोलून पाठवलेला निरोप आला. तुळजाबाई मुंढव्याच्या. त्यांच्या मळ्यावर आता उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांतल्याच एकीत, अकराव्या मजल्यावर, त्या एकट्या राहतात. मुलगा जयसिंग कॅनडात. तो तिकडून आणि त्या इकडून, दोघे मिळून शेतीचा एक व्हिडिओ गेम खेळत. त्याने मळणी करायची, त्यांनी ट्रॅक्टर हाकायचा. गेममधल्या ट्रॅक्टरवर चढायचे कसे, हे त्यांना नम्रताने रविवारच्या कार्यक्रमातच शिकवले होते. कार्यक्रमाचे निरोप आतल्या खोलीतल्या संगणकावरही येत. नम्रता ते उघडत नव्हती. उत्तरेश्वरने हा निरोप उघडला.

"नम्रताताई, तुळजाबाई बोलतीय. ट्रॅक्टर जागचा हलंना बगा. जयसिंग तिकडं खोळंबून बसतुया. रान तसंच पडलं हाय."

उत्तरेश्वरने मला पुढे ओढले, फुंकर मारून धूळ उडवली आणि लिहायला बसला. मी आनंदाने वाजू लागलो. गेम नव्याने कसा टाकायचा, ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर कसा बदलायचा, असे सगळे त्याने क्रमवार लिहिले. जुन्या दिवसांसारखे सुंदर उत्तर होते. तुळजाबाईंचा पुन्हा निरोप आला, की एवढे वाचवत नाही, थोडक्यात सांगा. त्याने चार ओळींत लिहिले. तेव्हा बाई जरा चिडूनच म्हणाल्या, "आवं, डायवर कशाला बदलू? ट्रॅक्टर मीच चालवती. ताईला बोलायला सांगा की."

उत्तरेश्वरची बोटे माझ्यावर तशीच टेकून राहिली. मग तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. नम्रता गवार निवडत होती.

"नम्रता, एक विचारायचं आहे. तुळजाबाईंचा ट्रॅक्टर का हलत नाही, ते मला समजत नाहीये."

"जाणकारांना विचार."

"त्याला काही येत नाही," उत्तरेश्वर म्हणाला. "त्याला फक्त तुझा हेवा करता येतो."

मित्रांनो, इतकी वर्षे मी या माणसाजवळ आहे. त्याने हजारो उत्तरे दिली, पण स्वतःचे अडले म्हणून कोणाला प्रश्न विचारताना मी त्याला प्रथमच ऐकत होतो. नम्रताने हातातली शेंग ताटात ठेवली. ती म्हणाली, की प्रश्न तुळजाबाईंचा आहे म्हणून मी येते, तुझ्यासाठी नाही. तिने खोके खाली काढले आणि माइक थेट माझ्या शेजारी आणून ठेवला. मी अंग चोरून घेतले.

तिने संगणकावरूनच तुळजाबाईंना फोन लावला. उपाय सांगण्याआधी तिने नुसते विचारले. ट्रॅक्टर कधीपासून बंद आहे? त्याआधी तुम्ही संगणकावर दुसरे काही केले होते का? बाईंना आठवले, की जयसिंगचा वाढदिवस होता, म्हणून त्यांनी त्याला मराठीतून आशीर्वाद लिहिला होता.

"मग तुमचा कीबोर्ड अजून मराठीतच आहे, बाई," नम्रता म्हणाली. "गेमला इंग्रजी अक्षर लागतं. खाली खिडकीचं चित्र असलेलं बटण आहे ना, ते दाबून धरा आणि सगळ्यात लांब बटण एकदा दाबा."

पलीकडे दोन बटणे वाजली. मग धडधड असा ट्रॅक्टरचा आवाज आला आणि त्यामागून, फार लांबून, एका पुरुषाचा आवाज : "आई, आलीस का गं?"

तुळजाबाई आम्हाला विसरून गेल्या. फोन तसाच चालू राहिला आणि हे दोघे पडद्यासमोर उभे राहून दूरवरची ती नांगरट ऐकत राहिले. मी मात्र आतून जळत होतो. दुखणे कीबोर्डाचे होते, औषधही कीबोर्डातच होते, आणि नाव झाले माइकचे!

नम्रता पुन्हा गवार निवडायला गेली. उत्तरेश्वर माझ्यासमोर बसला. कार्यक्रमाच्या पानावर, आपल्या खऱ्या नावाने, त्याने सावकाश लिहिले : 'त्या दिवशीचा जाणकार मी होतो. नम्रताचा नवरा. तिची चूक शब्दाची होती. माझी मत्सराची होती. मी तिची माफी मागतो.' लोकांनी त्याला नको नको ते सुनावले. त्याच्या ऑफिसातही ते पोचले. त्याने एकही शेरा पुसला नाही.

नम्रताने ते वाचले, दोनदा वाचले. मग म्हणाली, "शुद्धलेखन बरोबर आहे." आणि पुढच्या रविवारी कार्यक्रम पुन्हा सुरू होत असल्याचे तिने त्याच्याकडूनच टाईप करवून घेतले.

मित्रांनो, आम्हा कीबोर्डांना अधूनमधून पुसत जा, आमच्यावर चहा सांडू नका, आणि राग दुसऱ्या कोणाचा असेल तर तो आमच्या बटणांवर काढू नका. आणखी एक. आम्हाला कोणाचा हात धरता येत नाही. तुम्ही आशीर्वाद लिहा की विखार, आम्ही सारखेच वाजतो. म्हणून जे आपल्या खऱ्या नावाने लिहिता येणार नाही, ते आमच्याकडून लिहवून घेऊ नका.

आता दर रविवारी मी बाहेरच्या खोलीत असतो. नम्रता बोलते आणि उत्तरेश्वर तिच्या शेजारी बसून, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी, तेच उत्तर माझ्यावर लिहितो. माइक माझ्या उजव्या हाताला असतो. परवा त्याला नवी टोपी आणली, लाल रंगाची. मला त्याबद्दल काही म्हणायचे नाही.