जाळीच्या कपाटाला कोणी विचारेना

मित्रांनो, मी एक जुने जाळीचे कपाट आहे. सध्या माझा मुक्काम बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली असतो. ओल्या टॉवेलांचे पाणी माझ्या डोक्यावर ठिबकते आणि अगदी परवापर्यंत माझ्या पोटात घरातल्यांच्या चपला होत्या. एके काळी याच पोटात दूध, लोणी, अंडी आणि उरलेसुरले सगळे सुखाने नांदत असे. आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण स्वतःला मोठे सोशिक म्हणवतात. मी तसले नाही. माझा स्वभाव मत्सरी आहे. दुसऱ्याचे बरे झाले की माझ्या बिजागऱ्या करकरतात. तेव्हा माझी गोष्ट थोडी तिखट लागली, तर घोटभर पाणी प्या आणि पुढे ऐका.

आमच्या बाई लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा त्यांनी संसारासाठी पहिली वस्तू मागितली ती मी. त्यांचे यजमान घड्याळे दुरुस्त करत. त्यांच्या दुकानाशेजारी एक सुतार बसे. त्याने दारांच्या चौकटींतून उरलेल्या लाकडाचे मला घडवले आणि चारी बाजूंनी बारीक जाळी ठोकली. वारा आत यावा, पण माशी येऊ नये, असा त्याचा बेत होता. मला घरी पोचवताना तो म्हणाला, "लाकूड दाराचं आहे, टिकेल. पण मुंग्यांशी माझं काही बोलणं झालेलं नाही. त्यांचं तुम्ही बघा."

बाईंनी बघितले. माझ्या चारही पायांखाली त्यांनी पाण्याने भरलेल्या वाट्या ठेवल्या. मुंग्यांची रांग यायची, वाटीच्या काठावर थबकायची आणि हात हलवत परत जायची. रोज सकाळी बाई आधी माझ्या पायांखालचे पाणी बदलत, मगच स्वतःचा चहा घेत. इतका मान घरात दुसऱ्या कोणत्याही लाकडाला नव्हता.

पाणी बदलून झाले की त्या माझे दार उघडत. कालचे काय उरले आहे ते डोकावून बघत, कमरेवर हात ठेवत आणि विचारत, "मग, आज काय करायचं?"

मित्रांनो, हा प्रश्न नीट लक्षात ठेवा. माझे सारे सुखदुःख याच प्रश्नावर टांगलेले आहे. त्या प्रश्नाचे उत्तर त्या माझ्या पोटात शोधत. अर्धी वाटी डाळ उरली असेल तर तिच्यात काय घालायचे, दोन अंडी असतील तर ती तिघांत कशी पुरवायची, हे आम्ही दोघे मिळून ठरवत असू. घड्याळजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तोच प्रश्न बाईंना विचारत. शाळेला निघालेला मुलगाही विचारे. सारे घर बाईंना विचारी आणि बाई मला विचारत. एवढ्यावरून माझा किती रुबाब असेल ते समजून घ्या.

मग बाई पिशवी घेऊन बाजारात जात. त्या पिशवीचा मला फार हेवा वाटे. ती मेली रोज फिरून येई आणि खुंटीवर लटकून बाजारच्या बातम्यांचा वास सोडी. बाई भेंडीचे टोक मोडून बघत, टोमॅटो हातात घेऊन जोखत आणि त्या दिवसाला लागेल तेवढेच आणत. भाजीवाली म्हणे, "अहो, थोडं जास्त घ्या की, उद्याला होईल." त्यावर बाईंचे उत्तर ठरलेले असे. "उद्या तू येणार नाहीस का?"

अशी वर्षे गेली. घड्याळजी वारले. मुलगा मोठा झाला, त्याचे लग्न झाले आणि सूनबाई घरात आल्या. त्या टेलिफोनच्या कचेरीत नोकरीला होत्या. त्यांच्यामागून, एका दुपारी, हमालांच्या खांद्यावर बसून तो आला.

फ्रिज!

त्याला आणायला माणसे गेली होती. त्याच्यासाठी जिन्यातली कुंडी हलवली. शेजारपाजारचे बघायला आले, कोणी त्याच्या पोटावरून हात फिरवला. दुकानातला माणूस बजावून गेला, "याला भिंतीला चिकटवू नका हं, मागून हवा लागली पाहिजे." मी आयुष्यभर भिंतीला चिकटून उभे आहे, माझ्या पाठीची चौकशी कोणी केली नाही! त्याच्या डोक्यावर विणलेला रुमाल आला, रुमालावर फुलदाणी आली. दार उघडले की आत दिवा लागे. घरातली माणसे काही नको असतानाही ते दार उघडून नुसती बघत उभी राहत. माझ्यासमोर असे नुसते बघत कोणी म्हणजे कोणी उभे राहिले नव्हते. माझा नुसता जळफळाट झाला. नव्याचे नऊ दिवस, असे मी मनाला समजावले. पण ते दिवस काही सरेनात.

सूनबाईंना आठवड्यातून एकच सुटी असे. त्या दिवशी त्या दोन्ही हातांत पिशव्या भरून आणत आणि सारा आठवडा फ्रिजमध्ये रचून ठेवत.

बाई म्हणाल्या, "आठवड्याची भाजी एकदम? म्हणजे रोज मेलेली भाजी खायची?"

"आई, फ्रिजमध्ये ती मरत नाही."

"मरत नसेल. बेशुद्ध पडत असेल."

मला हसू आवरेना. पण खरे सांगायचे तर सूनबाईंचेही चुकत नव्हते. पहाटे उठून कचेरी गाठणाऱ्या बाईने भेंडीची टोके कधी मोडत बसायची? त्या सकाळी फ्रिज उघडत, दिव्याच्या उजेडात एकदा नजर फिरवत आणि मनाशीच ठरवून टाकत. "आज काय करायचं?" हा प्रश्न आता मोठ्याने कोणी विचारत नव्हते. तो फ्रिजच्या पोटात गेला आणि थंड झाला.

बाई तरीही रोज बाजारात जात. पालकाची एखादी जुडी, चार मिरच्या असे काहीतरी आणून हळूच माझ्यात ठेवत. "असू दे, उगाच," असे म्हणत. त्या 'उगाच'वर मी जगत होते.

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, असे लोक म्हणतात. मधल्या मध्ये कपाटाचे किती, ते कोणी सांगत नाही.

मग ते लग्न आले. सूनबाईंच्या मावसबहिणीचे लग्न परगावी होते आणि सगळे निघाले. परत आल्या आल्या कामावर हजर व्हायचे म्हणून सूनबाईंनी फ्रिज आधीच ठासून भरला होता. चिरलेल्या भाज्या, उकडलेले बटाटे, दुधाच्या पिशव्या, सगळी तयारी होती. घरातून शेवटच्या बाहेर पडल्या बाई. घर सोडताना शेवटच्या माणसाने सगळे बंद करून निघायचे, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी गॅस बंद केला, नळ घट्ट केला, दिवे मालवले आणि जाता जाता फ्रिजचेही बटण बंद केले. कुलूप ओढून बघितले आणि त्या निघाल्या.

माझ्यासमोर फ्रिजची घुरघुर थांबली. मित्रांनो, त्या शांततेत मला जो आनंद झाला तो काय सांगू! थोड्या वेळाने त्याच्या दाराखालून पाणी झिरपू लागले. मी माझ्या वाट्यांतल्या पाण्यात पाय सोडून मजा बघत राहिले.

मंडळी परतली, दार उघडले आणि सगळ्यांनी नाकाला पदर-रुमाल लावले. सूनबाईंनी फ्रिज उघडला. आतले सगळे नासले होते.

"बटण कोणी बंद केलं?"

"मी," बाई म्हणाल्या. त्यांना अजून काही उमगले नव्हते. "चालू ठेवून कसं जायचं? घरात कोणी नाही, तर तो कोणासाठी चालणार?"

सूनबाई रात्रभरचा प्रवास करून आल्या होत्या, तासाभराने त्यांना कामावर जायचे होते. त्या हातातला डबा ओट्यावर आपटून म्हणाल्या, "आई, हात जोडते. यापुढे तुम्ही स्वयंपाकघरात कशाला हात लावू नका."

मुलगा खाली बघत राहिला. बाईंनी फडके घेतले, गुडघे धरून खाली बसल्या आणि फ्रिजखालचे पाणी पुसले. मग बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या.

मला वाटले होते, वैरी आडवा झाला, आता आपले दिवस आले. पण दुसऱ्या सकाळी फ्रिज सुरू झाला, घुरघुरू लागला, आणि माझे दार उघडायला कोणी आले नाही. बाईंनी सुनेचा शब्द अक्षरशः पाळला होता. त्या बाजारात गेल्या नाहीत. पिशवी खुंटीवरच राहिली. तेव्हा पहिल्यांदा मला त्या पिशवीचा हेवा वाटला नाही. माझ्या पायांखालच्या वाट्या आटत गेल्या, आणि एके दिवशी मुंग्या काठावर थांबल्याच नाहीत.

पुढे दोन दारांचा मोठा फ्रिज आला आणि त्याला नेमकी माझीच जागा लागली. मला भंगारात काढायचे ठरले. तेव्हा बाई इतक्या दिवसांनी स्वयंपाकघराबद्दल एक वाक्य बोलल्या. "बाल्कनीत टाका. चपला तरी राहतील." जीव वाचला, पण चपलांवर! मी रुसून बसले. मग बघते तर बाईंनी आपले स्टूलही माझ्या शेजारी आणून ठेवले होते. त्या तिथेच बसू लागल्या. आम्हा दोघांनाही कोणी काही विचारत नव्हते.

आता गोष्टीत नात येते. ती शिकली, नोकरीला लागली आणि घरीच संगणकासमोर बसून काम करू लागली. तिला भाजी निवडून आणायची नसते की साठवायची नसते. ती मोबाइलवर बोट फिरवते आणि दाराची घंटा वाजते. एकदा एक माणूस धापा टाकत जिना चढून आला आणि पिशवीतून एक लिंबू देऊन गेला. सूनबाई तोवर नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या. त्या दारातच ओरडल्या, "अगं, एका लिंबासाठी माणूस पळवलास?"

"एकच हवं होतं गं. उगाच साठवून काय करायचं? लागेल तसं मागवायचं."

बाई स्टुलावर बसून गालातल्या गालात हसल्या. "लागेल तेवढंच आणते," त्या मला म्हणाल्या. "माझ्यावर गेलीय. फक्त पाय दुसऱ्याचे वापरते."

सूनबाईंची सवय मात्र सुटेना. त्या आठवड्याची भाजी भरत राहिल्या, आणि नात तिला हवे ते मागवत राहिली. दोन दारांच्या त्या फ्रिजमध्ये कोबीचे गड्डे काळे पडू लागले, काकड्या पाघळू लागल्या. एका सकाळी नातीने सगळे कचऱ्यात टाकले. आवाज चढवला नाही, आईच्या खांद्यावर हात ठेवून गोड शब्दांत म्हणाली, "आई, तू आता यात पडू नकोस ना. मी बघते सगळं. तू आराम कर."

बाल्कनीच्या दारातून मला सूनबाई दिसत होत्या. त्या फ्रिज उघडून उभ्या राहिल्या. आतला दिवा त्यांच्या तोंडावर पडला होता. आत एक पाण्याची बाटली होती आणि ठरवण्यासारखे काहीच नव्हते. या क्षणाची मी किती वाट पाहिली होती! पण आनंद होईना. मी माझ्या वैऱ्याकडे बघत होते आणि मला तिथे मीच दिसत होते.

सूनबाई बाल्कनीत आल्या. बाईंनी मनात आणले असते तर एका वाक्यात सारा हिशोब चुकता झाला असता. मी तर श्वास रोखून त्या वाक्याची वाट बघत होते. बाईंनी आपले स्टूल थोडे सरकवले आणि म्हणाल्या, "ये. इथे वारा छान येतो."

सूनबाई उंबऱ्यावर टेकल्या. मग सूनबाई म्हणाल्या, "आई, तेव्हा मी तुम्हाला फार बोलले."

"दमली होतीस."

"तरी."

"फ्रिजला बोलली असतीस तर त्याला ऐकू गेलं असतं का? म्हणून मला बोललीस." एवढे म्हणून बाईंनी विषय संपवला.

परवाची गोष्ट. सकाळी सूनबाई आल्या आणि त्यांनी माझ्यातल्या चपला एकेक करून बाहेर काढल्या. माझी जाळी घासली. कानेकोपरे पुसले. मग कमरेवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या. माझे दार सताड उघडे होते. कितीतरी वर्षांनी कोणीतरी माझ्यासमोर तसे उभे होते. आता मला विचारणार, अशी माझी खात्रीच होती.

त्या माझ्याकडे पाठ करून स्टुलाकडे वळल्या.

"आई," त्यांनी विचारले, "आज काय करायचं?"

मला नाही, बाईंना विचारले. हेव्याने माझ्या बिजागऱ्या करकरल्या, हे नाकारत नाही. बाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, परत गुंडाळले. शेवटी म्हणाल्या, "काय आलंय ते बाजारात बघू, मग ठरवू. पिशवी कुठाय?"

त्यांचा आवाज ऐकून नात खोलीतून बाहेर आली. "कुठे निघालात दोघी?"

"कुठे नाही," सूनबाई म्हणाल्या. "लिंबू आणायला."

मित्रांनो, मला रंग द्या, बिजागऱ्यांना तेल घाला, असे मी म्हणणार नाही. दिले तर नाही म्हणणार नाही, ते वेगळे. तुमच्या घरात बाजार रोज होवो, आठवड्याने होवो नाहीतर बोटाने होवो, मला त्याचे काही नाही. फक्त ज्याला विचारायचे आपण विसरलो आहोत असे एखादे माणूस घरात असेल, तर उद्या सकाळी त्याला विचारा. उत्तर नाही आवडले तर गुमान खा.

त्या दोघी परत आल्या तेव्हा नवा फ्रिज रिकामाच होता. तरी बाईंनी पालकाची जुडी माझ्यात ठेवली आणि सूनबाईंनी खाली वाकून माझ्या पायांखाली पाण्याच्या वाट्या सरकवल्या. आत स्वयंपाकघरात फ्रिज एकटाच घुरघुरत होता. त्याला माझा हेवा वाटत असावा.

वाटू दे.