मोर्तब राहिलेलं पत्र

महाराजांच्या पत्राला मंगळवारी सकाळी आणखी एक रेघ फुटली.

पत्र अस्सल नव्हे. संस्थानच्या जुन्या संग्रहालयासाठी हेमांगी गुप्तेने केलेली ती नक्कल. पण नक्कल अशी, की अस्सलाने मान खाली घालावी. काजळीची शाई, बोरू आणि मोडीचं ते धावतं वळण. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात, मग अक्षरं तिला टांगत जातात. हेमांगीने तसंच केलं होतं. फक्त शेवटच्या अक्षराचा फराटा इतका देखणा उतरला, की त्याच्याखाली मोर्तब उठवायला तिचा हात धजला नाही. मोर्तब म्हणजे पत्र संपल्याचा लहानसा शिक्का. त्यापुढे कुणी काही लिहिलंच, तर ते धरत नाहीत, वाचतही नाहीत. तांबटाकडून मुद्दाम करून आणलेला पितळी शिक्का तिने कापसात गुंडाळून खणात ठेवून दिला होता. नको तिथे सौंदर्यदृष्टी आडवी येते ती अशी.

नवी रेघ कोरीच होती. पहारेकरी शेलारमामा काच पुसायला गेले आणि वळून म्हणाले, "बाई, माझं नाव आलंय. हुजुरात बोलावलंय."

रेघेखाली काहीच नाही, असं हेमांगीने त्यांना सांगून पाहिलं. मामांनी टोपी काढून तिच्या हातात दिली. ते काचेशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग बारीक झाले, काळे झाले आणि रेघेला टांगले गेले. त्यांचा एक गुडघा दुखरा होता. अक्षरातही तो थोडा बाहेर आलेला दिसत होता.

संग्रहालयाचे प्रमुख खानविलकर साहेब आले ते खूषच झाले. मामा कुठे गेले हे त्यांनी विचारलंही नाही. वळण किती जिवंत आहे म्हणाले, नाक काचेला लावून बघू लागले, आणि चष्मा तेवढा खाली पडला.

कागद संपला तशी रेघ चौकटीतून भिंतीवर उतरली. भिंतीवरून दारात, दारातून रस्त्यावर. पुढचा रस्ता ओळखीचा होता: औषधाचं दुकान, पिठाची गिरणी, डावीकडची गल्ली. रेघ हेमांगीच्या घराकडे निघाली होती, आणि घरात सकाळच्या शाळेतून आलेली तिची मुलगी इरा एकटीच होती. हेमांगीने खणातला शिक्का घेतला आणि ती धावत सुटली. गिरणीवाला अंगावरचं पीठ झाडता झाडता अक्षर झाला. कुणीच ओरडत नव्हतं. तिला खरी भीती वाटली ती त्याची.

रेघ उंबरठा ओलांडून घरातल्या भिंतीवर पोचली होती. इरा तिच्याखाली युनिफॉर्ममध्ये उभी होती. तिची बोटं काळी पडू लागली होती.

"आई, मला बोलावतायत. जाऊ?"

"नाही जायचं. हलू नकोस."

"पण माझं नाव किती छान काढलंय."

हेमांगीने शिक्का ओल्या रेघेत बुडवला आणि इराच्या अलीकडे, भिंतीवर, सगळा जीव एकवटून दाबला. रेघ थांबली. इराच्या बोटांवरचा काळेपणा उतरला. पोरगी मोर्तबाच्या पलीकडे उभी होती, अख्खी, धडधाकट. हेमांगीला रडू आलं.

तेवढ्यात शेजारच्या कर्णिककाकू दारात आल्या. इरा त्यांच्यासमोरच उभी होती.

"अगं, इरा आली नाही का अजून शाळेतून?" त्यांनी विचारलं.

इरा काहीतरी म्हणाली. ओठ हलले, आवाज आला नाही. ती पुन्हा म्हणाली. हेमांगीने तिच्याकडे निरखून पाहिलं. डोळे दिसत होते, नाक दिसत होतं, पण फार जुनं अक्षर लागू नये तसा तो चेहरा तिला लागेना.

हेमांगीने शिक्का अजून भिंतीवर दाबून धरला होता. पलीकडून दोन लहान हात आले आणि तो उपटायला लागले. तिने आणखी जोर लावला.