सौंदडची पाठराखीण

सावित्रीबाईचा पाय घरात ठरत नसे, हे तिरोड्याच्या आसपासच्या चार गावांना ठाऊक होतं. पण धानाच्या बांधीत राबणाऱ्या बाईनं फिरायचं म्हणजे कुठं आणि कोणत्या निमित्तानं? बाईनं त्यावर तोड काढली होती. गावातली कोणतीही पोरगी लग्न होऊन निघाली की पाठराखीण म्हणून सावित्रीबाई तयार. नवरीसोबत पाच दिवस तिच्या सासरी राहायचं, तिची वेणीफणी करायची, रडली तर समजूत घालायची, आणि मधल्या वेळात तिथलं तळं, तिथला बाजार डोळे भरून पाहून घ्यायचा. अशा सतरा पोरी तिनं पोचवल्या. नवरा दुधराम म्हणायचा, हिला नवरीपेक्षा गाडीचीच हौस जास्त. खोटं नव्हतं ते.

या हौसेनंच घात केला. एकुलती एक प्रेमिला लग्नाची झाली तेव्हा दोन स्थळं आली. एक दोन कोसांवरचं, दुसरं पार सौंदडच्या पुढचं. दुधरामचं म्हणणं, जवळ दिली तर बाजाराच्या दिवशी पोरीचं तोंड तरी दिसेल. सावित्रीबाई हटून बसली. सौंदडला जायचं म्हणजे तिरोड्याहून गोंदियापर्यंत मोठी आगगाडी, तिथून चांद्याकडची अरुंद रुळांवरची छोटी गाडी, आणि वर बैलगाडी! लेकीच्या निमित्तानं वर्षातून दोनदा तरी हे सुख मिळेल, असे मांडे तिनं मनात खाल्ले. प्रेमिलाला कोणी विचारलंच नाही.

आता, लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत काय सावित्रीबाईला माहीत नव्हती? चांगली माहीत होती. वर्षभरात पाळणा हलेल, असं धरून चालली होती बिचारी. तीन वर्षं गेली, पाळणा हलला नाही. उपाशीपोटी लेकीला पाहून परतावं, तर परतीची गाडी दुसऱ्या दिवशी. तिकडे प्रेमिलाची सासू लकव्यानं अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेलाही तिला माहेरी येता येईना. पोरगी सुखात आहे की दुःखात, हे सांगणारंही कोणी नव्हतं. सावित्रीबाईच्या जिवाला घोर लागला.

अशात पंचावन्न सालच्या वैशाखात गावातल्या कवडूच्या लेकीचं, सुशीलाचं लग्न जमलं, आणि तेही नेमकं प्रेमिलाच्या गावात. सावित्रीबाईनं हातचं काम टाकलं आणि कवडूचं घर गाठलं. सुशीलाची आई नंदाबाई मोठी खमकी. तिनं तोंडावरच विचारलं, "माया पोरीसाठी जाऊन राहिली का तुया पोरीसाठी?"

"दोघींसाठी," सावित्रीबाई म्हणाली. "खोटं कायले बोलू?"

नंदाबाईनं तिलाच पाठराखीण ठरवून टाकलं.

छोट्या गाडीत नवरी मुसमुसत होती आणि पाठराखीणबाईची नजर काही खिडकीतून हटत नव्हती. जंगल, नाले, तेंदूपानाचे भारे घेऊन निघालेल्या बाया, सगळं कसं झपाझप मागं जात होतं. जीव नुसता हरखून गेला होता. मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तिनं सुशीलाला जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशी प्रेमिला आली, लग्नघरी कामाला हात लावायला म्हणून. वाळली होती, पण हसत होती. आईशी दोन शब्द बोलून ती सरळ चुलीपाशी बसली. भात रांधला, वांग्याची भाजी केली आणि आईपुढं ताट ठेवलं. तांदूळ लग्नघरचे, मीठ लग्नघरचं, हात तेवढे लेकीचे. कोणती रीत मोडणार होती? सावित्रीबाईला भरून आलं. देवानंच ही सोयरीक इथं जुळवली, असं ती म्हणाली.

"देवानं नाई, मी," प्रेमिला म्हणाली. "सुशीलाचं नाव मीच सुचवलं इथच्या लोकायले. म्हटलं, तिच्यासंगं तुयाशिवाय कोन येते?"

सावित्रीबाईचा घास हातातच राहिला. आतल्या खोलीत सुशीलाचं रडणं चालूच होतं.

"त्या पोरीले एवढ्या दूर ओढलं? कायले?"

"तू मले कायले धाडलं होतं, माय?"

आवाजात राग नव्हता. तीन वर्षांत विचारायला मिळालं नव्हतं, ते तिनं आज विचारलं. घर चांगलं होतं, शेती बरी होती, असं काहीही सावित्रीबाईला सांगता आलं असतं.

"गाडीत बसाले भेटल म्हणून," सावित्रीबाई म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

प्रेमिलानं आईच्या पाठीवर हात ठेवला. मग तिनं ताटात आणखी भात वाढला. सावित्रीबाई डोळे पुसत म्हणाली की आधी त्या पोरीला बोलाव, सकाळपासून तिच्या पोटात काही नाही. प्रेमिला आत गेली, सुशीलाला हाताला धरून घेऊन आली आणि तिनं तिला आपल्या आईशेजारी बसवलं.

"रोज येत जाजो माया घरी जेवाले," ती सुशीलाला म्हणाली. "तुले चालते."

सावित्रीबाईनं मान खाली घातली आणि लेकीच्या हातचा भात पोटभर जेवली.