हार पडल्यावरचं कीर्तन

सुखदेवची नाटकं दिल्लीत गाजली, परदेशात गाजली. त्यात ना गोष्ट, ना संवाद. कपाशीच्या सुकलेल्या पऱ्हाट्या रंगवून मंचावर रोवायच्या आणि त्यांत नट निश्चल उभे करायचे. विद्वानांनी त्यावर ग्रंथ लिहिले. पण त्याची आई, सौंसरची केसरबाई, कीर्तनाखेरीज उभ्या जन्मात कशाला गेली नाही. तिला एकदा आपलं काम आवडावं, एवढ्यासाठी साठीला टेकलेल्या सुखदेवने पांढुर्ण्याच्या मंगल कार्यालयात प्रयोग लावला. तिला परकं वाटू नये म्हणून धोतर नेसला, हाती चिपळ्या घेतल्या. वाजवल्या मात्र नाहीत. पऱ्हाट्यांमध्ये नुसता उभा राहिला.

अखेर त्याने मान खाली घातली, तसे देवळाचे बापूजी पुढे झाले. बुक्का लावला, गळ्यात हार घातला. विठ्ठलनामाचा गजर उठला. सुखदेवचे डोळे भरले. असा मान त्याला कुठे मिळाला नव्हता. तो आईच्या पाया पडला.

"आई, कसं झालं?"

"चांगलं चालून राह्यलं बाबू. पानी पी घोटभर."

बापूजी मांडी ठोकून बसले. "हां महाराज! पूर्वरंग झाला. आता आख्यान येऊ द्या."

सुखदेव चपापला. कीर्तनात हार मध्येच पडतो, खरी कथा त्यानंतर लागते. कीर्तनकाराच्या घरचं पोर, आणि हेच विसरला!

"बापूजी, संपलं."

"काय थट्टा करता महाराज! आताच त हार घातला."

"कथा नाहीच यात."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. केसरबाईचं तोंड उतरलं. हार घालून घ्यायचा आणि कथा सांगायची नाही, म्हणजे पंगत बसवून वाढायचंच नाही!

"मंग एवढी मानसं कायले बलावली बे?" ती हळूच म्हणाली. पदर खोचून उठली, त्याच्या हातून चिपळ्या घेतल्या आणि गजेंद्रमोक्ष लावला. थकलेला गळा, पण हत्तीने हाक मारली तेव्हा बाया रडल्या. बापूजींनी ठेका धरला. सुखदेव मागे उभा होता. ध्रुपद उचलायला त्याला शब्द आठवेनात.

आरती झाली. केसरबाईने हात जोडले.

"आमच्या बाबूनं जे काई केलं, त्याची देवानं अन् तुमी क्षमा करजा. नेनतं हाये."

आणि अख्ख्या सभेने, अगदी मोठ्या मनाने, त्याला क्षमा केली.